हजेरीची सही म्हणजे पाठिंबा नव्हे

मैत्रिणींनो, पनवेल-तळोजा पट्ट्यात पर्यावरणाचे कार्यक्रम उदंड झाले आहेत. कंपनीचे प्रतिष्ठान पैसे देते, एखादी संस्था बचत गटाच्या बायका जमवते, रोप लावले जाते, फोटो निघतो, वहीत सह्या होतात. पुढे अहवालात त्याच सह्या महिलांचा 'भरघोस पाठिंबा' म्हणून उतरतात. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने कासाडी नदी नासली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेले; पण अशा कार्यक्रमात कासाडीचे नाव काढायचे नसते. झाडाबद्दल बोला, नदीबद्दल नको!

हा खेळ नवा नाही. एन्रॉन आठवा. दाभोळ प्रकल्पासाठी भारतात 'शिक्षणावर' आणि प्रकल्प उभा करण्याच्या खटपटीवर दोन कोटी डॉलर खर्चल्याचे कंपनीच्या उपाध्यक्ष लिंडा पॉवर्स यांनी १९९५ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले. एवढे शिकवूनही गुहागरच्या बायका ऐकेनात. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष बहुतेक समुद्रावर गेलेले. बायकांना घराबाहेर ओढून मारले, अटक केली. पोलीस बंदोबस्ताचा पैसा कंपनी देत होती, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात नोंदलेले आहे. त्याच १९९७ च्या डिसेंबरात क्योटोचा हवामान करार झाला, तेव्हा त्याचे स्वागत करणाऱ्यांत हीच एन्रॉन पुढे होती. कार्बनच्या व्यापारात तिला नफा दिसत होता. तेल आणि कोळसा कंपन्यांनी १९८९ मध्ये काढलेली ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन कराराच्या विरोधात उभी होती. जनहिताची भाषा दोघींच्याही तोंडी. वेलदूरला दोघींनीही विचारले नाही.

लोकांना खरोखर विचारले की काय होते, ते रायगडनेच दाखवले आहे. महामुंबई सेझसाठी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. त्याआधी गावोगाव बैठका झाल्या, मोर्चे निघाले, बायका घरची कामे उरकून त्यात चालल्या. त्यांना कुणी टोप्या वाटल्या नव्हत्या. सेझ झाला नाही.

"मग संस्था चालवायच्या कशावर?" हा प्रश्न मलाही दर महिन्याला पडतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि आमच्यासारख्या अनेकींचे पगार त्यातूनच निघतात. त्या पैशावर पाळणाघर चालवावे, आरोग्य तपासणी करावी. पण वस्तीतल्या बायकांची संमती मोजून कंपनीच्या हाती देण्याचा अधिकार आम्हा संस्थावाल्यांना कुणी दिला?

तेव्हा आपापल्या गटांत एवढे ठरवून घ्या. वहीच्या प्रत्येक पानावर 'फक्त हजेरी' असे लिहिल्याशिवाय सही करायची नाही. पैसा कुणाचा आणि ही वही कुठे जाणार, हे सभेत सर्वांदेखत विचारायचे. जनसुनावणीची नोटीस लागली की हातात निदान तीस दिवस असतात. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्प-अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. तो मागून आणा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वस्तीत मोठ्याने वाचा.