बोटात अंगठी की बोटावर?

माझ्या ताईची लेक सव्वा वर्षाची आहे. तिचा आवडता उद्योग म्हणजे पातेल्यात वाटी टाकायची, काढायची, परत टाकायची. परवा आजीची रोझरी तिने डब्यात टाकली आणि झाकण बसेना म्हणून चिडून रडली. आम्ही म्हणतो, खेळतेय. खरं तर ती शिकतेय : काय कशात मावतं, काय कशावर टिकतं, काय घट्ट बसतं.

ताई एका प्लेस्कूलमध्ये चौकशीला गेली, तर तिथे सांगितलं, “घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, नाहीतर बाळ गोंधळेल.” ताई घाबरली. मला हे मुळीच पटलेलं नाही.

साधं उदाहरण घ्या. इंग्रजीत अंगठी बोटावर असते, मराठीत बोटात. कोरियन भाषेत तर एखादी गोष्ट घट्ट बसवण्यासाठी ‘क्किदा’ असं वेगळंच क्रियापद आहे. बोटात अंगठी घालणं आणि पेनाला टोपण लावणं, दोन्ही ‘क्किदा’.

2004 साली सुझन हेस्पॉस आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या पाच महिन्यांच्या बाळांना एक वस्तू दुसरीत घट्ट बसताना पुन्हा पुन्हा दाखवली. ती कंटाळल्यावर सैल बसणारी दाखवली, तर बाळं जास्त वेळ बघत राहिली. त्यांच्या भाषेत ज्या फरकाला वेगळा शब्द नाही, तोही त्यांना कळत होता! इंग्रजीभाषक मोठ्यांचं मात्र त्याकडे लक्ष गेलं नाही.

म्हणजे बाळ काही कोरी पाटी नसतं. त्याला आधीच बरंच दिसतं. त्यातल्या कशाकडे लक्ष ठेवायचं, ते घरची भाषा सांगते. मग दोन भाषा ऐकल्या तर त्याचं काय बिघडेल? शाळेत मी ‘रिंग इन द फिंगर’ लिहिलं होतं. लाल रेघ आली, चूक सुधारली. पण त्या चुकीमुळेच मला पहिल्यांदा कळलं, की एकच अंगठी दोन तऱ्हांनी बघता येते.

आणि आमच्या आजीला इंग्रजी येत नाही. घरात मराठी बंद म्हणजे आजीच गप्प. दिवसभर बाळाजवळ बसून “आत टाक, वर ठेव, खाली पडलं बघ” म्हणणारी तीच तर आहे. मी ताईला सांगितलंय, इंग्रजी येईलच गं तिला, आजीला बोलू दे.