साचा झालाय का?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर कॉम्प्युटरपासून सक्तीची सुट्टी मिळाली. आता अक्षरं स्वच्छ दिसतात, त्यामुळे मागच्या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही दिसल्या. असो.

तर झालं असं. नातू डिप्लोमा संपवून इथेच वाळूजच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलाय आणि आमच्याकडेच राहतो. गेल्या रविवारी चहाच्या वेळी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आबा, हे बघा." एक तळहाताएवढा कॉम्प्युटर होता. चष्म्याच्या डबीसारखा उघडतो, आत इवलासा कीबोर्ड, वर स्क्रीन. खिशात मावतो आणि मोठ्या कॉम्प्युटरची सगळी कामं करतो म्हणे. मला तर बघताक्षणी आवडला.

पण मेख अशी, की ही वस्तू अजून बाजारात नाही. परदेशातल्या चार-पाच जणांनी ती बनवायची नुकतीच घोषणा केली आहे. लोकांनी आधी पैसे भरायचे, पुरेसे जमले की ते बनवणार आणि चार महिन्यांत घरपोच पाठवणार. याला क्राउडफंडिंग म्हणतात. आत्ता भरले तर २४ हजार, नंतर दुकानात ३६ हजार. मुदत संपायला नऊ दिवस. नातवाकडे स्टायपेंडमधून साठवलेले २६ हजार होते. "आबा, तुम्ही सांगा. भरू का?"

"तुम्ही सांगा" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण जुनं आहे. १९९४-९५च्या सुमारास महाराष्ट्रात सागवानाच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज झाडामागे हजार रुपये भरा, वीस वर्षांनी पन्नास हजार घ्या! रंगीत माहितीपत्रक, हिरवीगार झाडं, हसरे शेतकरी. मी दोन झाडांचे पैसे भरले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना ते माहितीपत्रक दाखवलं. मी जुना शिक्षक, माझ्या शब्दावर सहा जणांनी पैसे भरले. त्यात आमच्या शाळेचे शिपाईही होते. तेही मला म्हणाले होते, "सर, तुम्ही सांगा." पुढे कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं. सेबीने अशा योजनांसाठी नियम केले ते १९९९ साली, तोवर आमची झाडं केव्हाच गेली होती. शिपायांचे दोन हजार मी पगारातून हप्त्याहप्त्याने परत केले. बाकीच्यांचे नाही करू शकलो. कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण ते मला अजून आठवतं.

म्हणून नातवाला म्हटलं, "मी हो-नाही सांगणार नाही. आपण दोघं मिळून तपासू." पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात. नुसतं उत्तर बरोबर आहे म्हणून मार्क द्यायचे नसतात, मधल्या पायऱ्या बघायच्या असतात, एवढं तर कळतं!

पहिला प्रश्न असा, की आपण हे पैसे कशाचे देतोय? खरेदीचे की वर्गणीचे? लोकांकडून पैसे गोळा करून उद्योग काढणं आपल्याला काही नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिलं, आणि घराघरांतून पैसा-पैसा गोळा होऊन १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पण पैसा देणाऱ्याला काचेची बरणी घरपोच मिळेल असं कुणी सांगितलं नव्हतं. ती वर्गणी होती आणि देणाऱ्याला ते ठाऊक होतं. आताच्या क्राउडफंडिंगमध्ये घोटाळा इथेच होतो. द्यायची असते वर्गणी आणि आपल्याला वाटतं आपण खरेदी केली. किकस्टार्टर या अमेरिकेतल्या मोठ्या संस्थेने तर २०१२ सालीच जाहीर केलं की आम्ही दुकान नाही. २०१५ साली इथन मॉलिक नावाच्या प्राध्यापकांनी तिथे पैसे भरणाऱ्यांची पाहणी केली. पैसे जमलेल्या शंभरातल्या साधारण नऊ प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही. "म्हणजे एक्क्याण्णव देतात!" नातू खूश. मी म्हटलं, थांब. त्यांचाच २०१४चा अभ्यास सांगतो की तंत्रज्ञानाच्या आणि डिझाइनच्या प्रकल्पांत पाऊणहून जास्त वस्तू कबूल तारखेच्या नंतर पोचल्या.

म्हणजे फसवणूक वेगळी, अपयश वेगळं आणि उशीर वेगळा. आपण तिन्ही एकाच टोपलीत टाकतो.

फसवणुकीचा वास कसा येतो ते २०१६ साली आपण सगळ्यांनी पाहिलंय. २५१ रुपयांत स्मार्टफोन! फ्रीडम २५१. नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी त्यांचं संकेतस्थळ कोसळलं. पत्रकारांना दाखवलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं होतं. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सरकारला कळवलं की असा फोन साडेतीन हजारांच्या आत विकणं शक्य नाही. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनीही शंका घेतली. पुढच्या वर्षी एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकांना अटक झाली. तिथे पायऱ्या तपासायचीही गरज नव्हती, किंमतच ओरडून सांगत होती.

उशिराचं म्हणाल तर आम्ही बजाजनगरचे लोक, आम्हाला कोण शिकवणार! ज्यांच्या नावाने ही वसाहत, त्यांची चेतक स्कूटर बुक करून लोक सात-सात, दहा-दहा वर्षं वाट बघायचे. मुलगी झाली की स्कूटर बुक करा, लग्नापर्यंत येईल, असा विनोद होता. पण त्यात एक गोष्ट होती. स्कूटर रोज रस्त्यावरून धावताना दिसायची. नंबर लागायचा होता, वस्तू तयार व्हायची नव्हती.

हातातल्या कॉम्प्युटरांचाही असा इतिहास आहे, तो नातवाने शोधून काढला. पँडोरा नावाच्या यंत्राचे पैसे २००८ साली घेतले, पहिले नग पोचायला २०१० उजाडलं. लंडनच्या प्लॅनेट कॉम्प्युटर्सने २०१७ साली जेमिनीसाठी पैसे गोळा केले आणि २०१८ मध्ये ते लोकांच्या हातात पडलं. त्याचा कीबोर्ड करणारा माणूस पूर्वी सायऑन कंपनीच्या प्रसिद्ध छोट्या कॉम्प्युटरवर काम केलेला होता. पण अनुभव म्हणजे हमी नव्हे. फिनलंडच्या योला कंपनीने आधी स्वतःचा फोन बाजारात आणला होता. २०१४च्या अखेरीला टॅबलेटसाठी त्यांच्याकडे १८ लाख डॉलरच्या वर जमले, आणि २०१६च्या जानेवारीत त्यांनी सांगितलं की बहुतेकांना टॅबलेट देता येणार नाही. तिथे कुणाच्या मनात फसवायचं होतं असं नाही. पैसा पुरला नाही.

मग आमच्या यंत्राकडे वळलो. पहिली पायरी बॅटरीची. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि "वीस तास चालेल" असा दावा. मी मराठीचा बीए, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नातवाने कागद घेतला. ५ गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे साडेअठरा वॉट-तास. वीस तासांनी भागलं तर एक वॉटसुद्धा येत नाही. "एवढ्यावर हा प्रोसेसर व्हिडिओ दाखवणार? पाच वॉट धरले तर चार तासही नाही," तो स्वतःच म्हणाला. गुणाकार मी तपासला. बरोबर होता.

दुसरी पायरी मला सुचली नसती. आमच्या शेजारचे गृहस्थ तीस वर्षं एमआयडीसीत टूलरूममध्ये होते, प्लास्टिकच्या भागांचे मोल्ड बनवायचे. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी स्क्रीन, कीबोर्ड काही बघितलं नाही. एवढंच विचारलं, "साचा झालाय का?" मग फोटो मोठा करून झाकणाची आतली बाजू बघितली. साच्यातून निघालेल्या तुकड्याच्या आत त्याला बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे असतात, साचा जिथे मिटतो तिथे बारीक रेघ असते. इथे ठसे नव्हते, थरावर थर दिसत होते. "हा थ्री-डी प्रिंटरवर काढलेला तुकडा आहे. म्हणजे वस्तू खरी आहे, नुसतं चित्र नाही. पण साचा नाही. साच्याला दोन-अडीच महिने, मग ट्रायल, मग दुरुस्ती, परत ट्रायल. खर्च लाखांत. चार महिन्यांत घरपोच कसं देणार, काका?"

नातवाने त्या लोकांना इंग्रजीतून पत्र लिहिलं. साच्याची ऑर्डर दिली का? नमुने किती बनवले? जमलं नाही तर पैशांचं काय? मला वाटलं उत्तरच येणार नाही. दोन दिवसांनी आलं. साच्याचं ड्रॉइंग तयार आहे, ऑर्डर पैसे जमल्यावर. हाताने बनवलेले बारा नमुने आहेत. वीस तास म्हणजे स्क्रीन मंद करून नुसतं लिहिण्यावाचण्याचे. आणि जमलं नाही तर उरलेले पैसे वाटून परत करू, पण किती उरतील सांगता येत नाही.

गंमत बघा, या उत्तराने माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. सागवानवाल्यांनी मला कधीच "सांगता येत नाही" असं म्हटलं नव्हतं. माझं मत असं झालं की माणसं खरी आहेत, तारीख खोटी आहे. आणि ते जे बारा हजार "वाचतात" म्हणतात, ती सवलत नाही. आपण उचललेल्या जोखमीचा तो मोबदला आहे. ज्याला जोखीम झेपते त्याने जरूर घ्यावी. सगळेच सावध राहिले तर नवीन वस्तू बनणारच नाहीत, तळेगावचा कारखानाही झाला नसता. पण वर्गणी म्हणून द्यावी, गेली तर रात्रीची झोप जाणार नाही एवढीच द्यावी, आणि मुख्य म्हणजे स्वतः तपासून द्यावी. दुसऱ्याच्या शब्दावर नको, माझ्या तर नकोच.

नातवाला विचारलं, "सव्वीसातले चोवीस गेले तर?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आत्ता नाही भरत. साच्याच्या पहिल्या ट्रायलचे फोटो टाकले की बघीन. तोवर अजून साठतील, छत्तीस द्यावे लागले तरी चालेल." थोडा हिरमुसला होता, खोटं कशाला सांगू. आमची ही मला म्हणाली, "पोराच्या हौसेवर पाणी टाकलंत." टाकलं असेन. त्याने मोबाइलमध्ये सहा महिन्यांनंतरची आठवण लावून ठेवली आहे, मीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली आहे. वस्तू वेळेवर आली तर इथेच लिहून माझी चूक कबूल करीन.

तुमच्यापैकी कुणी असे आधी पैसे भरून काही मागवलं आहे का? आलं की नाही, किती उशिरा आलं, प्रतिक्रियेत जरूर लिहा. अमेरिकेतल्या भाचेमंडळींनी तर नक्कीच लिहावं, तुमच्याकडे ही हौस जास्त!