परग्रहावरचा पाहुणा आणि आमची बंद दारे

पवनी तालुक्यातील अड्याळ या आमच्या गावी कॅथलिक घरे अशी ती किती? हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. म्हणून महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून आम्ही रोझरी म्हणतो, शुभवर्तमानातील उतारा वाचतो आणि चहा घेऊन पांगतो. आगमनकाळातील अशाच एका संध्याकाळी नववीत शिकणाऱ्या एका मुलाने प्रश्न विचारला. आदल्या रात्री त्याने टीव्हीवर ‘पीके’ हा चित्रपट पाहिला होता. “काकाजी, दुसऱ्या ग्रहावर खरंच कोणी राहत असेल, तर येशू त्यांच्यासाठीही मेला का?”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग आमच्यातील एका ज्येष्ठांनी, असले सिनेमे पाहूनच पोरे बिघडतात, असा निर्वाळा दिला आणि रोझरीचे पुढचे रहस्य सुरू केले. आम्ही बाकीचे गप्प बसलो. त्यानंतरच्या दोन प्रार्थनांना तो मुलगा आला नाही. अभ्यास आहे, असे त्याच्या आईने सांगितले. पण खरे कारण आम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्या ज्येष्ठांना दोष देण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आमचा रोष आमच्याच मौनावर आहे.

चित्रपट आणि श्रद्धा यांचा काय संबंध, असे आपल्यातील पुष्कळजण विचारतात. त्यांना आम्ही नम्रपणे एका गोष्टीची आठवण करून देतो. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मुंबईत पाहिलेल्या एका मूकपटावरून मिळाली, आणि तो मूकपट प्रभू येशूच्या जीवनावरील होता. पडद्यावर ख्रिस्त पाहता पाहता आपले राम-कृष्ण असे कधी दिसतील, हा ध्यास त्यांना लागला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. ज्या कलेच्या भारतातील जन्माशी ख्रिस्तचरित्र असे निगडित आहे, तिच्याकडे पाठ फिरवणे आपल्याला शोभत नाही.

त्याच्याही तीनशे वर्षे आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या त्यांनी रचल्या, कारण ज्या लोकांना ख्रिस्त सांगायचा, त्यांच्या कानांना ओवीची आणि पुराणाची गोडी होती. लोक जिथे कान देऊन बसले आहेत, तिथे जाऊन बोलावे, हा त्यांचा धडा. आमच्या झाडीपट्टीत तर हे शिकवण्याचीही गरज नसावी. दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटक चालते, आणि पहाटे घरी परतणारा शेतकरी पाप-पुण्याची चर्चा करीतच धानाच्या बांधावरून चालतो. आज त्याचा नातू तीच चर्चा परग्रहवासीयाच्या गोष्टीवरून करतो. काळ बदलला, पात्रे बदलली. भूक तीच आहे.

ख्रिस्तसभेनेही या कलेला दार लावलेले नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ सालीच चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रक काढले. त्यात धोक्याचा इशारा होता, तसा या माध्यमाच्या सामर्थ्याचा स्वीकारही होता. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हे दोन विज्ञानपट आहेत. रोमला जे वर्ज्य वाटले नाही, ते आमच्या ओसरीवर वर्ज्य ठरावे, हे नवलच!

आता ‘पीके’कडे वळू. डिसेंबर २०१४ मध्ये, ऐन आगमनकाळात, तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राजकुमार हिराणी हे आपल्या नागपूरचे. त्यातील परग्रहवासी उघड्या अंगाने पृथ्वीवर उतरतो आणि पहिल्याच भेटीत एक माणूस त्याचे यानाला बोलावण्याचे यंत्र लुबाडून नेतो. हरवलेली वस्तू देवच देईल, असे जो तो सांगतो. म्हणून तो देवाला शोधू लागतो. नारळ घेऊन चर्चमध्ये शिरतो, तिथून बाहेर काढला जातो. इथे द्राक्षारस चालतो असे पाहून तो त्याच्या बाटल्या घेऊन मशिदीकडे निघतो. अखेर देव हरवला आहे, अशी पत्रके वाटत फिरतो.

या प्रसंगांवर आपण हसलो. आपल्यातील काहींना राग आला. चर्चमधील त्या प्रसंगाने आम्हांला मात्र खजील केले. देवाला शोधत आलेल्या एका अनोळखी जिवाला बाहेर काढताना, त्याला काय हवे आहे, हे कोणी विचारीत नाही. आमच्या प्रार्थनेत त्या मुलाचे याहून वेगळे काय झाले? त्याने नारळ आणला नव्हता, प्रश्न आणला होता, एवढाच फरक.

या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली, काही शहरांत चित्रपटगृहांची नासधूसही झाली. देवाचे रक्षण करायला माणसे धावली. ख्रिस्ती माणसाने अशा वेळी गेथशेमनेची बाग आठवावी. पेत्राने तलवार उपसली, तेव्हा प्रभूने ती म्यान करायला लावली आणि जखमी शत्रूचा कान बरा केला. स्वतःच्या अटकेच्या घटकेला ज्याला तलवार नको होती, त्याला एका चित्रपटापासून आमचे संरक्षण हवे आहे काय?

तथापि, दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांशीही आमचा वाद आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००१ सालच्या जनगणनेत सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी आपला धर्म ‘जेडाय’ असा लिहिला. म्हणजे ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेतील योद्ध्यांचा पंथ! कित्येकांनी ते थट्टेने लिहिले असणार. तरीही पडद्यावरचा थरार हीच श्रद्धा, असे मानणारे तरुण आपल्यातही आहेत. त्यांना आम्ही सांगू की चित्रपट प्रश्न जागा करतो, पण रात्री दोन वाजता आजारी आईच्या उशाशी तो बसत नाही. तिथे प्रार्थना लागते आणि दार ठोठावून येणारा शेजारी लागतो.

‘पीके’ही इथेच तोकडा पडतो. देव आणि माणूस यांच्यामधले दलाल त्याने नेमके ओळखले, ढोंगी बाबांचे पितळ उघडे पाडले. त्याबद्दल त्याचे आभार. परंतु त्याचा देव दूर कुठेतरी आहे. माणसाने त्याला थेट हाक मारावी, एवढेच तो सांगतो. आमची श्रद्धा याहून मोठे साहस सांगते. आमचा देव हाकेची वाट पाहत वर थांबला नाही. तो स्वतः उतरून आला, रित्या हातांनी गोठ्यात जन्मला, माणसांकडून लुबाडला गेला आणि परत जाण्याची घाई न करता क्रूसापर्यंत आमच्याबरोबर चालला. परग्रहावरच्या पाहुण्याची कथा ऐकून ज्या मुलाचे डोळे विस्फारतात, त्याला देहधारणाची ही कथा आपण का सांगत नाही?

आणि त्याचा प्रश्न? तो पोरकट नाही. व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक, येशूसंघीय फादर फ्युनेस, यांनी २००८ साली व्हॅटिकनच्या दैनिकाला मुलाखत देताना त्याच प्रश्नाचा विचार केला होता. संत फ्रान्सिस सृष्टीला भाऊ-बहीण म्हणत. मग परग्रहवासीयही आपला भाऊ का नसावा, असे ते म्हणाले. हरवलेल्या मेंढराच्या दृष्टांताचा आधार घेऊन त्यांनी असेही सुचवले की अफाट विश्वात कदाचित आपण मानवच ते एक चुकलेले मेंढरू असू. १२ मे २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तर प्रवचनात, मंगळवासी येऊन बाप्तिस्मा मागू लागले तर काय कराल, असे विचारले. त्यादिवशीचे वाचन परराष्ट्रीयांना स्वीकारणाऱ्या पेत्राचे होते. दार बंद करणारे आपण कोण, हाच त्याचा मथितार्थ.

नव्व्याण्णवांना सोडून मेंढपाळ ज्या एकासाठी निघाला, ते मेंढरू म्हणजे आपली ही चिमुकली पृथ्वी! हे उत्तर त्या संध्याकाळी मुलाला मिळाले असते, तर तो घरी जाऊन आकाशाकडे किती वेळ पाहत बसला असता! आमच्याजवळ उत्तर नव्हते, हा दोष क्षम्य आहे. आपण मिळून शोधू, एवढेही आम्ही म्हटले नाही, हा दोष क्षम्य नाही.

म्हणून आईवडिलांना आमची विनंती आहे की मुलांबरोबर बसून हे चित्रपट पाहावेत. संपल्यावर टीव्ही बंद करावा, काय आवडले, काय खटकले ते विचारावे, आणि मग शुभवर्तमान उघडावे. पुढच्या महिन्याची प्रार्थना आमच्या घरी आहे. आम्ही त्या मुलाच्या घरी स्वतः जाणार आहोत. त्याची क्षमा मागणार आहोत आणि त्याने तोच प्रश्न पुन्हा, सर्वांसमोर विचारावा, अशी विनवणी करणार आहोत. रोझरी त्यानंतर सुरू होईल.