सारिका काळे आणि भुकेचे कौतुक

ऑगस्ट 2020 मध्ये सारिका काळे हिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात आनंद व्हावा हे स्वाभाविकच होते. खो-खोला हा सन्मान 1998 नंतर प्रथमच लाभत होता. दिल्लीदरबारी बावीस वर्षे विस्मृतीत पडलेल्या खेळाची आठवण मराठवाड्याच्या एका मुलीने करून दिली. तिच्याविषयी जिल्ह्याला जिव्हाळा वाटतो तो उगाच नव्हे.

परंतु त्या वेळी तिने जे सांगितले ते हारतुऱ्यांत बुडून गेले. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असे ती म्हणाली. घर आजी-आजोबांच्या कमाईवर चाले, आई शिवणकाम करी. ताटात चांगलेचुंगले पडे ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावरच.

ही हकीकत सांगताना सत्कारसभांतील वक्त्यांचा कंठ दाटून येतो आणि गरिबीनेच अशी माणसे घडतात, असे ते बजावतात. (असे बोलणारे बहुधा भोजनोत्तर बोलतात.) हे विधान साफ खोटे आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले, तेव्हा संघाची कर्णधार सारिका होती. त्याच वर्षी घरच्या आर्थिक ओढाताणीपायी खेळच सोडावा, या निर्णयाप्रत ती आली होती. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली म्हणून ती मैदानावर परतली. गरिबीने तिला घडविले नाही. गरिबीने तिला मैदानातून जवळजवळ उठविले होते. तिला घडविले ते तेराव्या वर्षी मैदानावर नेणाऱ्या मामाने, पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रशिक्षकाने आणि तिच्या स्वतःच्या पायांनी.

खो-खोला बॅट लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. दोन खांब आणि सपाट जमीन एवढे त्याचे भांडवल. आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. धावणारीला मागे वळता येत नाही, दमली की बसलेल्या मैत्रिणीला पाठीमागून खो देऊन तिच्या हाती पाठलाग सोपवावा लागतो. दुष्काळी तालुक्यांतील मुलींना हा खेळ परवडतो तो यामुळेच. तथापि खेळ फुकट आहे म्हणून खेळणारीचे पोट फुकट भरत नाही, ही साधी गोष्ट क्रीडाधोरणे आखणाऱ्यांच्या गावी नसते. मॅटवरच्या सरावाइतकीच भाकरीही सरावाची बाब आहे.

सारिकेला पुढे तुळजापूरला क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली आणि घर सावरले. चांगलेच झाले. पण ती नोकरी आली सुवर्णपदकानंतर. पदकापूर्वीची दहा वर्षे तिने एकवेळच्या जेवणावर काढली. पदक न मिळता खेळ सोडून गेलेल्या मुलींचे काय झाले, हे विचारायला कोणी पत्रकार जात नाही.

19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला 78-40 असे हरविले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिच्या मागोमाग संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या मुली दुपारी काय जेवून येतात, याची चौकशी जिल्ह्याच्या क्रीडाखात्याने आताच करावी. पुढच्या पुरस्काराची वाट पाहू नये.