खोक्यावर 64, हातात किती?

प्रति,
स्वस्त स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख
आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाचे अधिकारी

विषय : फोनच्या खोक्यावर वापरण्याजोगी जागा छापणे आणि आधीच भरलेले ॲप काढू देणे



तालुक्याच्या गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन बदलणं, चार्जिंगचा सॉकेट बसवणं, बॅटरी टाकणं हे रोजचंच. पण काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येतं ते, "मेमरी फुल दाखवतंय, जरा बघा ना दादा." सांगणारं माणूस बहुतेक वेळा ओशाळलेलं असतं. पोरांनी गेम टाकले असतील, आपणच फोटो फार साठवले असतील, असं आपणहून कबूल करतं. त्यातलं थोडंफार खरंही असतं. पण जागा खाणारा मोठा वाटेकरी काउंटरच्या अलीकडे-पलीकडे कुठेच नसतो. तो तुमच्याकडे असतो, म्हणून पत्र तुम्हाला.

खोक्यावर ठळक अक्षरात 64 जीबी लिहिलेलं असतं. फोन नवा, अजून एक फोटोही काढलेला नाही, तरी सेटिंगमध्ये स्टोरेज उघडलं की पंधरा-वीस जीबी आधीच गेलेली दिसते. फोन चालायला ऑपरेटिंग सिस्टिम लागते, तिला जागा लागते, हे कोणालाही पटेल. माझी तक्रार ती जागा पैसे मोजण्याआधी गिऱ्हाइकाला सांगितली जात नाही, ही आहे. 'प्रत्यक्ष उपलब्ध जागा कमी असू शकते' एवढं बारीक अक्षरात कुठेतरी असतं. किती कमी, ते नसतं. तीस-चाळीस हजारांचा, 256 जीबीचा फोन घेणाऱ्याला याची झळ बसत नाही. सात-आठ हजारांचा फोन घेणाऱ्याच्या जागेचा तो चौथा हिस्सा असतो.

आपल्याच देशात तेलाच्या पिशवीवर निव्वळ वजन छापावं लागतं. 2009 चा वैधमापन कायदा आणि त्याखालचे 2011 चे आवेष्टित वस्तूंचे नियम तेच सांगतात. पिशवीचं वजन तेलात धरून विकलं तर कारवाई होते. मग फोनला वेगळा न्याय कशासाठी?

त्याहून चलाखीचा प्रकार रॅमचा. जाहिरातीत '8 जीबी रॅम' आणि खाली लहान अक्षरात '4 + 4'. त्यातली पहिली चार खरी. दुसरी चार याच 64 जीबीतून उचललेली, म्हणजे गिऱ्हाइकाचीच जागा दोनदा मोजलेली. वर ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद. फोन साफ करायला आला की मी आधी ही सोय बंद करतो. फोन बंद करून चालू केला की तेवढी जागा परत मिळते. अशी काही सोय फोनमध्ये चालू आहे, हे मालकाला माहीतच नसतं. वाचणाऱ्यांपैकी कोणाला करायचं असेल तर सेटिंगमध्ये रॅम किंवा मेमरी असं शोधा, सापडतं.

आता तुम्ही भरून पाठवलेल्या ॲपविषयी. खरेदीचं एक, बातम्यांचं एक, गेमची दोन-तीन, शिवाय तुमचं स्वतःचं ब्राउझर, स्वतःचं दुकान, स्वतःचं थीमचं दालन. काही काढता येतात, काहींना फक्त 'डिसेबल' करता येतं. डिसेबल केल्यावर नंतरचे अपडेट आणि साठलेला डेटा तेवढा जातो, मूळ प्रत सिस्टिमच्या कप्प्यात तशीच राहते. तो कप्पा गिऱ्हाइकाला वापरता येत नाही. म्हणून नुसतं 'काढण्याचं बटण देतो' म्हणून भागणार नाही. हे ॲप पहिल्यापासून गिऱ्हाइकाच्या कप्प्यात ठेवले, तरच ते काढल्यावर जागा खरोखर मोकळी होईल. हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको. गंमत अशी की याच फोनमध्ये तुमचं एक 'क्लीनर' ॲपही असतं, आणि ते कचरा काढल्याचा दाखला देता देता जाहिराती दाखवतं.

हे होऊ शकत नाही, असं कृपा करून सांगू नका. दक्षिण कोरियाच्या सरकारनं असे ॲप काढता आले पाहिजेत, असं 2014 मध्येच बजावलं होतं. युरोपीय संघात मार्च 2024 पासून गुगल-ॲपलसारख्या बड्या कंपन्यांना, फोन चालायला अत्यावश्यक असलेले सोडून, बाकीचे ॲप काढू देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोठावला, तेव्हा त्या आदेशात हेही होतं. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला आणि नेमकं हे कलम रद्द केलं. दंड सरकारजमा होतो, जागा माझ्या गिऱ्हाइकाला मिळायची होती.

सरकारचंही वागणं फार वेगळं नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागानं 'संचार साथी' ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच भरून द्या, असा आदेश काढला होता. ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेतला. पण सक्तीच्या ॲपची यादी थांबलेली नाही. शेतकऱ्यानं ई-पीक पाहणीसाठी बांधावरून पिकाचा फोटो टाकायचा. रोजगार हमीच्या कामावर मेटनं हजेरीचे फोटो दिवसातून दोनदा चढवायचे. अंगणवाडी सेविकेनं पोषण ट्रॅकर भरायचा. 2021 मध्ये आपल्या राज्यातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले फोन कार्यालयात परत नेऊन दिले. दोन जीबी रॅमच्या त्या फोनांवर हे काम होत नव्हतं. जागा संपली की ॲप अपडेट होत नाही आणि अपडेट नाही म्हणून उघडत नाही. असा फोन घेऊन बाई दुकानात येते, तेव्हा काय पुसायचं हे तिला ठरवावं लागतं. घरचे फोटो जातात. सरकारचं ॲप राहतं, तुमचा गेमही राहतो.

गिऱ्हाइकांच्या वाट्याचंही बोलतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. गुड मॉर्निंगची फुलं आणि सणावाराचे व्हिडिओ हा आपला राष्ट्रीय छंद आहे. या शुभेच्छांनी भारतातले फोन तुंबतात, हे गुगलच्याही ध्यानात आलं होतं. डिसेंबर 2017 मध्ये निघालेल्या त्यांच्या 'फाइल्स गो' ॲपमध्ये असे संदेश शोधून पुसायची युक्ती होती. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की पुष्कळदा फॉरवर्ड झालेलं आणि पाच एमबीहून मोठं असलेलं वेगळं निघतं. तेवढं पुसा, आणि मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. याचे मी पैसे घेत नाही. सगळं क्लाउडवर टाका, हा सल्ला मात्र मी देत नाही. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 लाच संपली. आता मेल, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप मिळून 15 जीबी, त्यापुढे दरमहा पैसे.

तेव्हा मागण्या दोनच आहेत. कंपन्यांनी आपले आणि भागीदारांचे ॲप गिऱ्हाइकाच्या कप्प्यात ठेवावेत, सगळे काढता येतील असे. आणि ग्राहक व्यवहार विभागानं फोनच्या खोक्यावर, 64 च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, पहिल्या दिवशी वापरता येणारी जागा छापायची सक्ती करावी. उधारीची रॅम त्यात धरू नये. कायदा हाताशी आहे, खातं तुमचंच आहे, नियमात एक ओळ घालायची आहे. ती येत्या वर्षात घाला.

कळावे,
तालुक्याच्या गावातला एक मोबाइल दुरुस्तीवाला