एक्मोच्या दारातली अस्पृश्यता

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाची फुप्फुसे निकामी झाली, तर त्याला शेवटचे यंत्र लावायचे की नाही हे कशावरून ठरावे? फुप्फुसांच्या अवस्थेवरून, की रक्ताच्या अहवालातील एका शब्दावरून? आम्ही हा प्रश्न पुण्याला विचारत आहोत. भोसरीत १९९२ पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ससून आहे, मोठमोठी धर्मादाय रुग्णालये आहेत. तरी वस्तीतील नातेवाइकांकडून आम्ही एकच वाक्य ऐकतो : “रिपोर्ट असा आहे, आता पुढचं मशीन लावण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले.”

अर्थ कसा नाही? एक्मो यंत्र रक्त बाहेर घेते, त्यात प्राणवायू मिसळते आणि परत शरीरात सोडते. ते आजार बरा करत नाही. व्हेंटिलेटरही पुरेनासा झाल्यावर औषधांना काम करायला वेळ मिळवून देते. म्हणून खरा प्रश्न एवढाच, की मूळ आजार बरा होण्यासारखा आहे का? सीडी-फोर पेशी २०० च्या खाली गेल्यावर होणारा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया जीवघेणा असतो, पण त्यावर औषध आहे. पुढे एआरटी सुरू राहिली की प्रतिकारशक्तीही सावरते. निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून एक्मो नाकारण्याला वैद्यकीय आधार नाही.

कोणी म्हणेल, एक्मो प्रत्येकाला लावता येत नाही. मान्य. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, इतर अवयवांची स्थिती हे सारे पाहावेच लागते. यंत्रे कमी आहेत आणि खर्च लाखांत जातो. पण मग नकाराचे वैद्यकीय कारण कागदावर लिहून द्या. जे कारण लिहायला हात धजत नाही, ते कारण नसते. तो विटाळ असतो.

हा विटाळ कायद्याने गुन्हेगारांच्या नव्हे, शिकलेल्यांच्या संदर्भातही ओळखला आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे किंवा मध्येच थांबवणे हा त्यात भेदभाव ठरतो. २० किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. राज्याच्या लोकपालाने तातडीच्या वैद्यकीय प्रकरणात शक्यतो २४ तासांत आदेश द्यावा, असेही कायदा सांगतो. हे नाव आणि फोन नंबर अतिदक्षता विभागाच्या दारावर किती ठिकाणी दिसतात, ते वाचकांनीच पाहावे.

दुसरी भिंत पैशाची. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या रकमेतून २ टक्के वेगळा निधी ठेवायचा आहे. एक्मो हवा असलेल्या गरीब रुग्णासाठी हा निधी वापरला का, याचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

१८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच साथीत त्या गेल्या. त्यांनी आधी जात विचारली नाही, संसर्गाचे निमित्त सांगितले नाही. ज्या शहराला हा वारसा आहे, त्याने रिपोर्टवरची अक्षरे पाहून दार लावू नये.

आमच्या मागण्या तीन : नकार लेखी द्या, तक्रार अधिकाऱ्याचे नाव दारावर लावा आणि निर्धन निधीचा हिशेब जाहीर करा. बाबासाहेबांनी संविधानात अस्पृश्यता बंद केली आणि जगण्याचा हक्क दिला. तो हक्क अतिदक्षता विभागाच्या उंबऱ्यावर संपत नाही.

जय भीम!