सोबतीचा वेग

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर एका सकाळी धावून होतात; त्यांची तयारी मात्र भर पावसाळ्यातच सुरू होते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढणाऱ्यांनाही ही महिनोन्‌महिन्यांची मेहनत ठाऊक आहे. आमच्या मित्रमंडळींनी गेल्या हंगामात एक नियम पाळला: रविवारच्या लांब पल्ल्याला वेग ठरवायचा तो सगळ्यात मागे असलेल्या गड्याने. धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागून कुणाचं वाक्य तुटलं, की पुढच्यांनी पाय आवरायचे. अशा सावकाश धावण्याने दमसास वाढतो, हे शास्त्रही सांगतं. पण त्याहून मोलाचं काही आमच्या हाती लागलं. गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढावंसं वाटतं, तेव्हा कोपऱ्यावर कुणीतरी आपली वाट पाहतंय ही जाणीवच अंथरुणातून उठवते. संकल्प एकट्याचा असतो, सातत्य मात्र सोबतीने येतं. घर, नोकरी, सार्वजनिक काम, सगळीकडे हेच खरं आहे. धावण्यावरचा हा अंक वाचून तुम्ही बुटांच्या नाड्या बांधाल, अशी आशा आहे. निघताना शेजाऱ्यालाही जरूर हाक मारा.